ज्याचे त्याचे खाते

।। श्री गुरुदेव दत्त ।।

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपल्यापैकी बहुतेक जण गुरुचरित्राचे पारायण करतात. सोवळे, एकभुक्त, वाचनाची ठरलेली वेळ, सगळे नियम आपण कटाक्षाने पाळतो. पण वाचलेले आपल्या रोजच्या वागण्याला कुठे लागू पडते, हे पोथी कापडात बांधून ठेवली की फारसे कोणी बघत नाही. यंदा नवव्या आणि पन्नासाव्या अध्यायावर चार शब्द लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. हल्ली पारावर बसा, लग्नाच्या पंगतीत बसा किंवा मोबाईल उघडा, एकच विषय निघतो. दुसऱ्या धर्माच्या माणसाशी आपण कसे वागायचे? यात्रेत त्याचे दुकान लागू द्यायचे की नाही? त्याच्याकडून हारफुले घ्यायची की नाही? आणि शेवटी तरुण मुले विचारतात, "काका, तुमची ती सहिष्णुता म्हणजे दुबळेपणाच नाही का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पोथीतच शोधू.

नवव्या अध्यायातला रजक, म्हणजे परीट, आपल्याला माहीतच आहे. कुरवपूरला तो श्रीपाद श्रीवल्लभांची भक्तिभावाने सेवा करायचा. एके दिवशी नदीत नावेतून विहार करणारा यवन राजा त्याने पाहिला आणि ते वैभव आपल्याला मिळावे असे त्याच्या मनात आले. स्वामींनी ओळखले. पुढच्या जन्मी तो बिदरला यवनाच्या राजघराण्यात जन्मला. पन्नासाव्या अध्यायात तोच जीव बादशहा होऊन येतो. मांडीवर फोड उठलेला, वैद्यांचे उपाय थकलेले. तो गाणगापूरला येतो, तेव्हा श्रीनृसिंहसरस्वती त्याला राजा म्हणून नव्हे, तर जुन्या ओळखीने परीट म्हणूनच हाक मारतात. त्याला मागचा जन्म आठवतो आणि फोड नाहीसा होतो.

आपण हा चमत्कार म्हणून वाचतो आणि पुढे जातो. जरा थांबून बघा. जीव तोच, फक्त घर बदलले. एका जन्मी परिटाचे, दुसऱ्या जन्मी मुसलमान राजाचे. गुरूंनी मधल्या जन्माचा हिशेब धरला नाही, ओळख धरली. आता जो पुनर्जन्म मानतो, त्याने 'ती जात', 'ते लोक' असे शब्द वापरताना दहा वेळा विचार करायला नको का? आपला आजोबा, आपले लेकरू पुढे कोणत्या घरात जन्माला येईल, हे आपल्या हातात आहे काय? मशिदीच्या मागच्या गल्लीत आज जन्मलेले बाळ मागच्या जन्मी आपल्याच पंगतीला बसलेले असेल. सहिष्णुतेचा हा पाया कोणी बाहेरून आणून दिलेला नाही, तो आपल्या पोथीत आहे.

यावर काही जण म्हणतात, "मग सगळेच सारखे असेल तर आपण दत्ताचेच का करायचे?" भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. ह्याच स्कंधावर नाथमहाराजांनी एकनाथी भागवत लिहिले आणि १५७३ साली काशीत ते पूर्ण केले. त्या चोवीसांत पृथ्वी आहे, वारा आहे, समुद्र आहे, तसाच पतंग आहे, मासा आहे, बाण करणारा कारागीर आहे, पिंगलाही आहे. पण अवधूत काही पतंगाचा शिष्य होऊन दिव्यावर झेप घेत नाही. पतंगाकडून काय करू नये ते शिकतो, पृथ्वीकडून काय करावे ते शिकतो. दीक्षागुरू एक आणि शिक्षागुरू अनेक, असे आपल्याकडे म्हणतात ते हेच. आपली उपासना एकनिष्ठ ठेवायची आणि दुसऱ्याकडचे चांगले दिसेल ते नमस्कार करून घ्यायचे. न पटणारे सोडून द्यायचे. सगळे पटलेच पाहिजे असे नाही. सहिष्णुता म्हणजे विवेक गहाण टाकणे नव्हे.

दत्तसंप्रदायात हे नुसते बोलण्यापुरते राहिले नाही. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. चाकरी निजामशाहीची, उपासना दत्ताची, दोन्ही चोख. नाथांना दत्तप्रभू मलंगाच्या वेशात भेटले, असे परंपरा सांगते. त्याच नाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघे आधी कडाकडा भांडतात, एकमेकांच्या रीतिरिवाजांच्या उणिवा काढतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत असे नाथांनी म्हटले नाही. पुढे १८१७ साली दत्तजयंतीलाच जन्मलेले माणिकप्रभू हुमनाबादजवळच्या माणिकनगरला राहिले. जालन्यासारखाच तो भागही तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यांनी आपल्या संप्रदायाचे नावच 'सकलमत' ठेवले. कोणत्याही मताची निंदा करायची नाही, हा तिथला नियम. प्रभूंच्या दरबारात हिंदूंबरोबर मुसलमान भक्तही येत.

आता खरी अडचण सांगतो, कारण ती टाळून ह्या विषयावर बोलणे मराठवाड्यात शोभत नाही. रझाकारांच्या काळात काय झाले, ते तुमच्यापैकी अनेकांच्या घरी सांगितले गेले आहे. गावे जळाली, माणसे रातोरात घरे सोडून सरहद्दीपलीकडे गेली. "हे विसरायचे का?" असे कोणी विचारले तर उत्तर आहे, नाही, विसरायचे नाही. पण सगळेच लक्षात ठेवायचे. हैदराबादेत 'इमरोज' ह्या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान ह्यांनी संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. ते मुसलमानच होते. आणि १७ सप्टेंबरनंतर, पोलीस ॲक्शन झाल्यावर, ज्यांनी काठीसुद्धा उचलली नव्हती अशा अनेक निरपराध मुसलमानांना सूड भोगावा लागला. तेही ह्याच मराठवाड्यात घडले.

मी आयुष्यभर बँकेत कारकुनी केली, बी.कॉम. माणूस, म्हणून मला हे हिशेबाच्या भाषेत लवकर कळते. कर्ज ज्याने उचलले, वसुली त्याच्याकडून, नाहीतर जामीनदाराकडून. आडनाव सारखे आहे म्हणून शेजारच्या खातेदाराच्या नावे रक्कम टाकता येत नाही. टाकली तर तपासणीत सापडते. आपला कर्मसिद्धांत वेगळे काय सांगतो? ज्याचे कर्म त्याच्या खाती. बापाचे पुण्यसुद्धा आयते लेकाच्या नावे चढत नाही, मग एकाचे पाप त्याच्या धर्माच्या लाखो माणसांच्या नावे कसे चढवायचे? दासोपंतांची कथा आठवा. सारा थकला म्हणून बिदरच्या दरबारात त्यांना ओलीस ठेवले, धर्म बदलण्याची धमकी दिली आणि दत्तप्रभूंनी पाडेवाराच्या रूपात येऊन पैसे भरून त्यांना सोडवले. गुरुचरित्रातला भक्त बादशहाही बिदरचाच. गाव एक, तख्त एक, पण दोन माणसांची दोन खाती. आपल्या संतचरित्रांनी जुलूम लपवला नाही, आणि एकाच्या जुलमासाठी दुसऱ्याची भक्तीही नाकारली नाही.

हा झाला तत्त्वाचा भाग. पण नुसत्या तत्त्वावर समाज चालत नाही, तो व्यवहारावर चालतो. आपला जिल्हा ह्या बाबतीत जुना जाणता आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या माणसांनी दिलेल्या दानाचे लेख सांची आणि भारहुतच्या बौद्ध स्तूपांवर कोरलेले आहेत, आणि त्याच गावात केळणेच्या काठी वैष्णव लेणेही आहे. व्यापारी वाटेवरचे गाव होते ते. ज्याला रोज दहा प्रकारच्या माणसांशी देवघेव करायची आहे, त्याला सहिष्णुता शिकवावी लागत नाही.

बँकेत लहान दुकानदार कर्जाला आला की जामीनदार लागायचा. ते कागद मी कित्येक वर्षे भरले. कर्जदार एका धर्माचा आणि जामीनदार दुसऱ्या, असे सर्रास असायचे, कारण दोघांची दुकाने भिंतीला भिंत लागून. कापडवाल्याला शिंपी जामीन, ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला त्याचा फिटर जामीन. जामीन राहणे म्हणजे गोड बोलणे नव्हे. हा बुडाला तर आपल्याला भरावे लागेल, हे माहीत असून सही करायची. असा भरवसा भाषणाने येत नाही. वीस वर्षे एकमेकांचा गल्ला बघितला, एकमेकांच्या मयतीला गेलो, की येतो.

काळजी वाटते ती इथे. आता वस्त्या वेगळ्या झाल्या, पोरांच्या शाळा वेगळ्या झाल्या. शेजारी राहिला नाही, मोबाईलवरचे त्याचे चित्र तेवढे राहिले. ज्याला कधी जवळून पाहिले नाही, त्याच्याविषयी काहीही सांगितले तरी खरे वाटते. यात्रेतून त्याचे दुकान उठवले, की उरलासुरला संबंधही संपतो. मग पुढच्या पिढीत जामीन कोण कोणाला राहणार?

तरुणांचा प्रश्न राहिलाच. सहिष्णुता दुबळेपणा आहे का? सक्तीने धर्म बदलायला लावणे, दंगा, फसवणूक हे कोणीही केले तरी सोसायचे नाही. त्यासाठी पोलीस आहे, कोर्ट आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य ह्यांची मर्यादाही घातली आहे. ती मर्यादा सगळ्यांना सारखी, आपल्या मिरवणुकीलाही. गुन्हेगाराला नाव घेऊन गुन्हेगार म्हणायला धाडस लागते. न ओळखणाऱ्या हजारोंना शिव्या द्यायला काही लागत नाही. मग दुबळे कोण, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून यंदाच्या पारायणात पन्नासावा अध्याय जरा सावकाश वाचा. नातवंडे जवळ असतील तर परिटाची गोष्ट त्यांना सांगा, आणि यात्रेला न्याल तेव्हा ज्याच्याकडे फुले ताजी असतील त्याच्याकडूनच घ्या.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!