हप्ता लांबला, ऋण फिटले का?



उभी हयात बँकेच्या काउंटरमागे गेली, त्यामुळे कुठलाही प्रश्न समोर आला की मन आधी जमा आणि नावे असे दोन रकाने पाडते. सध्या डोक्यात घोळणारा प्रश्न असा. कोरोनाच्या काळात आपण एकमेकांच्या घरी जाणे बंद केले. ते योग्यच होते. पण साथ ओसरून इतकी वर्षे झाली, तरी बरेचसे जाणे-येणे बंदच राहिले. हेही योग्यच म्हणायचे का?

तो काळ जरा आठवू. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. लग्नाला पन्नास माणसे, अंत्यविधीला वीस, असे नियम आले. त्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. राज्यातली देवळे उघडली ती दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. दुसऱ्या लाटेत ती परत बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली.

तेव्हा काहीजण म्हणायचे, देवाच्या दारी जायला कसली भीती? मला ते पटले नाही. आपल्यामुळे दुसऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाधा होऊ नये म्हणून जो वारकरी घरी थांबला, त्याची श्रद्धा काही कमी पडली नव्हती. उलट १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करायला बाहेर पडल्या आणि त्याच आजाराने १० मार्चला गेल्या. त्यांचे जाणे हा धर्म होता, आणि वारकऱ्याचे न जाणे हाही धर्मच. कारण दोन्हींत विचार दुसऱ्याच्या जिवाचा होता.

म्हणजे अंतर ठेवणे मुळात चांगलेही नाही आणि वाईटही नाही. ते कोणासाठी ठेवले, एवढेच बघायचे.

आता बँकेतली एक गोष्ट सांगतो. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना सवलत द्यायला परवानगी दिली. आधी तीन महिने, मग आणखी तीन, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत. पुष्कळ लोकांचा समज झाला की हप्ते माफ झाले. तसे नव्हते हो! हप्ता फक्त पुढे ढकलला होता. कर्ज जागच्या जागी होते आणि व्याजही चालूच होते.

आपल्या शास्त्रात देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आहे, तसेच मनुष्यऋणही सांगितले आहे. आजाऱ्याची विचारपूस करणे, कोणी गेले तर त्या घरी जाऊन बसणे, दारी आलेल्याला पाणी विचारणे, हे सगळे त्या ऋणाचे हप्ते. साथीत त्यांना मुदतवाढ मिळाली होती. आपण मात्र ती माफी समजून बसलो.

आज काय दिसते? कोणी गेल्याचे कळले की ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेले दोन हात. संपले. शेजारच्यांचे ऑपरेशन झाले, तर ‘उगाच त्यांना त्रास कशाला’ म्हणून फोनवर भागवायचे. त्रास त्यांना होणार असतो की आपल्याला, हे ज्याचे त्याला ठाऊक.

सगळेच जुने परत आणा, असे मी म्हणत नाही. कर्ज काढून हजार पानांची पंगत उठवण्यापेक्षा पन्नास माणसांत झालेले लग्न कितीतरी बरे. ती शिकवण जपावी. अंथरुणाला खिळलेल्या आजींना मोबाइलवर वाडीची आरती दिसते, ही तर महाराजांचीच कृपा. पण धडधाकट माणसाने शेजारच्या गल्लीत जायचे टाळून मोबाइलवर हात जोडावेत, याला काय म्हणावे?

गुरुचरित्राच्या पाचव्या अध्यायात पिठापूरची कथा आहे. घरात श्राद्ध, ब्राह्मण अजून जेवायचे आहेत, आणि दारात भिक्षेकरी उभा. सुमतीने त्याला ‘नंतर या’ म्हटले नाही. तिने भिक्षा वाढली, आणि समोर साक्षात दत्तात्रेय प्रगट झाले. आपले दैवत भिक्षेच्या निमित्ताने दारोदार फिरणारे. त्याच्या भक्ताने माणसांची दारे टाळावीत, हे बसत नाही.

खरी थकबाकी कुठे आहे, ते सांगतो. ज्यांची माणसे त्या दोन वर्षांत गेली, त्यांच्याकडे. कित्येकांना शेवटचे तोंडही बघायला मिळाले नाही. ना सांत्वनाला कोणी आले, ना तेराव्याला पंगत बसली. आमच्या ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, “माणूस गेलं ते गेलंच हो, पण त्यांचं नाव काढायलासुद्धा कुणी घरात बसलं नाही.” यात कुणावर आरोप नव्हता. नियमच तसा होता, हे त्यांनाही माहीत आहे. पण नियम उठल्यावर तरी कोण गेले?

लोक म्हणतील, इतक्या वर्षांनी जाऊन जखम कशाला उकरायची? मला वाटते, ज्याचे माणूस गेले तो काही विसरलेला नसतो. विसरलेले असतो आपण. जाऊन उपदेश करायचा नाही. चहा घ्यायचा, त्या माणसाची एखादी आठवण सांगायची, आणि घरचे बोलतील ते ऐकायचे. रडू आले तर येऊ द्यावे. ते तेव्हाच यायला हवे होते.

उशीर झाला म्हणून कर्ज बुडत नाही, आणि उशिरा भरलेला हप्ताही जमाच होतो. या दत्तजयंतीला पारायण, पालखी, प्रसाद सगळे यथासांग होऊ द्या. त्याच आठवड्यात असे एखादे घर आठवा, आणि फोन न करता जाऊन या.

श्री गुरुदेव दत्त!