आग्रह आणि आकडा

मांजरसुंबा, ता. जि. बीड
कार्तिक शुद्ध अष्टमी

चि. नातीस अनेक आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट तुझ्या बापाने फोनवर वाचून दाखवला. क्रिएटिनिन वाढलेलं, ईजीएफआर चाळिशीत, म्हणजे किडनीच्या आजाराचा तिसरा टप्पा. माझा चौथा चालू आहे, तेव्हा या शाळेत मी तुझ्या एक इयत्ता पुढे. घाबरू नकोस असं लिहीत नाही, घाबरली असशीलच. मला लिहायचंय ते खाण्याविषयी, आणि त्याहून जास्त खाऊ घालणाऱ्यांविषयी.

आपलं गाव पडलं चौकातलं. बीडहून, सोलापूरकडून, केजहून नाहीतर पाटोद्याहून येणारा ओळखीचा माणूस इथे चहाला टेकतोच, आणि उठताना एक उपाय सांगून जातो. नारळपाणी घ्या. सातूचं पाणी घ्या. दाळ बंदच करा. दिवसाला पाच लिटर पाणी प्या, सगळं धुऊन निघतं. यातला एकही माणूस वाईट चिंतत नाही. पण आपल्याकडे किडनी म्हटलं की लोकांना मुतखडा तेवढा माहीत, आणि भरपूर पाण्याचा सल्ला तिथला आहे. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकते, आपली मागे पडते. रक्तात ते साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असावं. 6 च्या वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि अनेकदा आधी काही जाणवतही नाही.

म्हणून सल्ला देणाऱ्याशी वाद घालत बसू नकोस. आपला आकडा माहीत ठेव.

दुसऱ्याच्या पथ्याचा कागद कधी उचलायचा नाही. तुझे धाकटे आजोबा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. परवा एका लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो. त्यांना डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितलीत, कारण डायलिसिसमध्ये ती वाया जातात. पाणी मात्र मोजून. मला प्रथिनं मोजून, आणि लघवी नीट होते म्हणून पाण्याला सध्या बंधन नाही. वाढप्याने दोघांना सारखंच वाढलं, आणि आम्ही म्हातारे एकमेकांच्या ताटात वाट्या सरकवत बसलो. लोकांना वाटलं, भावाभावांचं केवढं प्रेम!

आता दाळीचं. तुला किलोमागे पाऊण ग्रॅम प्रथिनं सांगितलीत म्हणे. वजन पन्नास धरलं तर दिवसाला 38 ग्रॅमच्या आसपास. एक मोठी भाकरी, एक वाटी घट्ट वरण, एक पेला दूध, एक अंडं, यांत प्रत्येकी ढोबळमानाने 6 ते 7 ग्रॅम असतात. जुळणी तूच कर, गणितात तू माझ्यापेक्षा बरी आहेस. मात्र भीतीपोटी दाळ तोडू नकोस. पोटात पुरेसं गेलं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, आणि तोही कचरा शेवटी किडनीलाच उपसावा लागतो.

मिठाच्या बाबतीत आपण नशीबवान. ज्वारीची भाकरी मुळातच अळणी. पाव, बिस्किटं, खारी, सगळ्यांत मीठ थापलेलं असतं. भाकरीत नुसतं पीठ आणि पाणी. दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात तुझ्या मेसचं लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून. सैंधव चालतं असं कुणी सांगेल. तेही मीठच आहे. त्याहून घातक ते ‘लो सोडियम’ मिठाचं पाकीट. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं, तेव्हा आपण त्याला हात लावायचा नाही. तुझी आजी आता ठेचा बिनमिठाचा करते. मिरच्या आणि लसूण तव्यावर चांगले काळे डाग पडेपर्यंत भाजते, कुटते आणि वरून लिंबू पिळते. पहिले काही दिवस तोंडाला चव नव्हती. महिना-दीड महिन्यात जीभ सरावली. आता हॉटेलातली आमटी मला खारट लागते.

पालेभाज्या ती आधी भरपूर पाण्यात उकडते, पाणी ओतून देते, मग पिळून फोडणीला टाकते. बटाट्याची सालं काढून, बारीक चिरून तेच. पोटॅशियम सगळं जात नाही, बरंच जातं. ते पाण्यात उतरतं, म्हणून रस्सा ओरपायचा नाही, फोडी खायच्या. येसराच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला हे किती जड जातं, ते तुला सांगायला नको.

फॉस्फरसचं एक ऐकून ठेव. ज्वारीत आणि दाळीत तो असतो, पण धान्याकडधान्यातला बराचसा आपल्याला पचतच नाही. काळ्या कोल्ड्रिंकमधला आणि डबाबंद मांसातला, वरून घातलेला, जवळजवळ सगळा अंगात जातो. भाकरीला भिऊन कोला पिणारी तुझ्या वयाची पोरं असतील तुझ्या मेसमध्ये, त्यांना सांग.

एकादशी तोंडावर आलीय. मेसमध्ये उपवासाचं ताट करतील: बटाटा, रताळं, शेंगदाण्याची आमटी, केळं, खजूर. पोटॅशियमवाल्याला याहून वाईट ताट मुद्दाम रचूनही जमणार नाही. बिचारा साबुदाणा निर्दोष, त्याची संगत वाईट! उपवास करायचाच तर थोडी भगर, नाहीतर दाण्यांचा हात आखडून केलेली खिचडी आणि सफरचंद. मी एकादशी सोडलीय. आमच्या भजनी मंडळातल्या काहींना ते आवडलेलं नाही.

उपाय सांगणाऱ्याला टाळता येतं, पण प्रेमाने वाटी पुढे करणाऱ्याचं काय करणार? सध्या बालाघाटच्या डोंगरातून सीताफळांच्या पाट्या उतरताहेत. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, ते साखरेने आणि गराने मिळवलेलं. पोटॅशियममध्येही ते केळ्याच्या पंगतीत बसतं. चौकातली रबडी म्हणजे आटवलेलं दूध, दुधात जे असेल ते सगळं आटून दाट झालेलं. आग्रह करणाऱ्याला ‘डॉक्टरांनी मना केलंय’ म्हटलं की तो म्हणतो, एका घासाने काय होतंय. मी म्हणतो, माझं पोटॅशियम 5.4 आहे. आकड्यापुढे माणूस गप्प होतो. त्याला कळत नाही, तरी गप्प होतो. आकडा खाली असतो त्या महिन्यात डॉक्टरांना विचारून मीही सीताफळाचे दोन घास खातो, चोरून नाही, सगळ्यांदेखत.

आणखी एक. कंबर धरली, पाळीत पोट दुखलं म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी परस्पर आणू नकोस. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या आपल्या किडनीला भोवतात. डॉक्टरांना विचारूनच घे.

आयुष्य संपलं असं वाटेल तेव्हा जयप्रकाश नारायणांचं वाच. 1975 च्या नोव्हेंबरात ते कैदेतून सुटले ते दोन्ही किडन्या निकामी होऊनच. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं. त्या अवस्थेत त्यांनी विरोधी पक्षांना एकत्र आणलं, 1977 ची निवडणूक गाजवली आणि 1979 पर्यंत जगले. तेव्हा त्यांच्या यंत्रासाठी लोकांकडून वर्गणी मागावी लागली होती. आज जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात डायलिसिस होतं, आणि तुला तर अजून त्याची गरजही नाही. ती लांबवायची, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.

पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेसाठी येशील तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद आण, अक्षर मोठं करून छापलेला. आजीला बारीक दिसत नाही, आणि ती मला विचारून स्वयंपाक करायला तयार नाही. तिचं म्हणणं, ज्याचा कागद त्याचा. हे तिला मीच शिकवलं.

तुझा,
आजोबा