पिळाशी थांबून

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एखाद्या करसल्लागाराचं ऑफिस डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्या, पाच संगणक, एक प्रिंटर, टॅलीचा डेटा कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर. राऊटर बहुधा देवाच्या फोटोशेजारी, कारण मोकळा प्लग तिथेच सापडला. घाई नको. केबलचं बंडल अजून सोडायचं नाही.

आधी एवढंच बघा, की या पाच जणांना एकमेकांकडून काय लागतं. टॅली सगळ्यांना, प्रिंटर सगळ्यांना. क्लायंटची कागदपत्रं मात्र दोघांनाच, आणि पगाराची फाइल फक्त साहेबांना. ही वाटणी मनात स्वच्छ होईपर्यंत बसून राहा. तारा मागाहून येतात.

आता केबल हातात घ्या. बाहेरचं आवरण बोटभर सोला आणि थांबा. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. हा पीळ कशासाठी? जोडीतल्या दोन तारांतून एकच निरोप उलटसुलट जातो: एकीत व्होल्टेज चढतं तेव्हा दुसरीत तेवढंच उतरतं. जवळून एसीची वायर गेली की तिचा गोंगाट दोघींवर पडतो. पिळामुळे कधी ही तार गोंगाटाच्या जवळ येते, कधी ती. शेवटी दोघींच्या वाट्याला तो जवळजवळ सारखाच येतो. पलीकडचं टोक फक्त दोघींमधला फरक मोजतं. सारखं आलेलं वजा होतं, निरोप उरतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोनसाठी या पिळाचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं. तुमचं जीएसटीचं रिटर्न आज साहेबांच्या टेबलापर्यंत त्याच युक्तीने पोचतं.

इथे थोडं रेंगाळा. कनेक्टरमध्ये रंग असे बसतात: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरवी जोडी फुटून तिसऱ्या आणि सहाव्या जागी का गेली? टेलिफोनची जोडी मधल्या चौथ्या-पाचव्या जागी होती; ती तशीच राहू दिली आणि हिरव्या तारा तिच्या दोन बाजूंना गेल्या. आता कुणी सोयीसाठी रंग ओळीने लावले, दुसऱ्या टोकालाही तसेच, तर? स्वस्तातला टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो. पण तिसऱ्या आणि सहाव्या जागी आता दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा आहेत. त्यांना एकमेकींचा पीळ नाही, गोंगाट आत शिरतो. नेट चालतं, जीएसटी रिटर्नच्या वीस तारखेच्या गर्दीत रांगतं. शिव्या मात्र पोर्टलला.

ऑफिस पंचवटीतल्या जुन्या वाड्यात असेल, तर भिंतीवर हात ठेवून बघा. एवढ्या जाडीतून जाताना वायफाय दमतं, तिथे केबलच हवी. एका केबलला शंभर मीटरची मर्यादा असते, ती लहान ऑफिसला सहसा आड येत नाही. विजेच्या वायरीपासून अंतर राखा. ओलांडायचीच झाली तर काटकोनात.

सगळ्या केबल ज्या डबीत येऊन जुळतात, त्या स्विचचे दिवे लुकलुकू लागले की संगणकांच्या क्रमांकांकडे या. समजा, एका संगणकाला मिळाला १९२.१६८.१.१०. नेमका हाच क्रमांक सातपूरच्या एखाद्या कारखान्यातही असेल. कॉलेज रोडवरच्या प्रत्येक इमारतीत फ्लॅट नंबर दोन असतो, म्हणून काही पोस्टमन गोंधळत नाही. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी १९९४ मध्ये असे क्रमांक आतल्या वापरासाठी राखून ठेवले. ते उंबऱ्याबाहेर जात नाहीत. बाहेरच्या जगाला साऱ्या ऑफिसचा एकच पत्ता दिसतो, आणि परत आलेलं उत्तर कुणाचं, हे राऊटर लक्षात ठेवतो.

संगणकांना तात्पुरते क्रमांक चालतात. प्रिंटरला कायमचा द्या. नाहीतर एखाद्या सोमवारी, रात्री वीज जाऊन आल्यावर, त्याला नवा क्रमांक मिळेल आणि पाचही जण जुन्या क्रमांकावर प्रिंट पाठवत बसतील.

उठण्याआधी दोन कामं उरकून टाका. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच आकडा चिकटवा. पुढच्या वायरमनला तेवढं पुरतं. आणि राऊटरच्या तळाशी छापलेला पासवर्ड आजच बदला. तो ऑफिसात आलेल्या कुणालाही वाचता येतो.