चार चाकांचा जोर आणि वस्तूची ओळख

टू-व्हील ड्राइव्ह पिकअप ट्रकला चाके चार असतात, पण इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांनाच मिळतो. पुढची चाके वजन पेलतात, दिशा देतात आणि मागून ढकलली जातात. मागची चाके चिखलात जागच्या जागी फिरू लागली की पुढची चाके कोरड्या जमिनीवर असूनही गाडी हलत नाही. असा ट्रक फोर-व्हील ड्राइव्ह करणे म्हणजे पुढच्या चाकांनाही त्या जोरात वाटेकरी करणे. अमेरिकेत हे काम १९३० च्या दशकापासून होत आले आहे. इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन कंपनी फोर्डचे ट्रक असे बदलून देई. १९५० च्या दशकात मिनिआपोलिसच्या नॅपको कंपनीने शेवरोले आणि जीएमसी पिकअपसाठी तयार जोडसंचच विकायला काढला. काम गॅरेजमधले आहे, पण ते पुरे होताच एक जुना तात्त्विक प्रश्न समोर येतो: हा ट्रक तोच आहे की दुसरा?

उत्तरासाठी आधी काय निघते आणि काय राहते हे पाहावे लागते. त्या काळच्या शेवरोलेला पुढे एक भरीव लोखंडी आडवी तुळई असे. तिच्यातून जोर वाहण्याची सोयच नव्हती. ती काढून तिथे पोकळ हाउसिंगचा, आत डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) असलेला एक्सल बसतो. चाकाला वळताही यावे आणि फिरवणारा जोरही मिळावा म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे लागतात. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस येते आणि तिच्यातून एक प्रॉपेलर शाफ्ट मागे, एक पुढे जातो. मागचा जुना शाफ्ट आता लांब पडतो, म्हणून तो कापून आखूड करावा लागतो. पुढच्या आणि मागच्या क्राउन-पिनियनचे, म्हणजे शाफ्टचा जोर एक्सलकडे वळवणाऱ्या गिअरजोडीचे, प्रमाण जुळले नाही तर दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडत राहतात. इंजिन, केबिन, मालाचा हौदा, मागचा एक्सल आणि चासी मात्र जुनीच राहते.

ग्रीक परंपरेतल्या थीसियसच्या जहाजाशी या ट्रकची तुलना चटकन सुचते, पण ती नीट बसत नाही. अथेन्सकरांनी जपलेल्या त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या गेल्या. द्रव्य बदलले, रूप आणि काम तेच राहिले. ट्रकमध्ये उलटे घडते. द्रव्य बहुतांशी जुनेच, पण जे काम त्याला काल जमत नव्हते ते आज जमते. टायर झिजला म्हणून टायर बदलणे ही थीसियसची गोष्ट झाली. टू-व्हीलचा फोर-व्हील करणे ही सामर्थ्य बदलण्याची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी भारतीय दर्शनांमधला कार्यकारणाचा वाद जास्त उपयोगी पडतो.

सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य कारणात आधीपासून असते. घडा मातीत असतो, कुंभार तो फक्त प्रकट करतो. न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद म्हणतो की घडा आधी नव्हता, तो नव्याने निर्माण झाला. मग चारही चाके ओढण्याचे सामर्थ्य जुन्या ट्रकमध्ये होते का? इंजिनाकडे पाहिले तर सांख्यांचे म्हणणे पटते. ट्रान्सफर केस शक्ती निर्माण करत नाही. इंजिनात होती तेवढीच शक्ती ती दोन वाटांनी पाठवते. लो रेंजमध्ये चाकावरचा पीळ वाढतो खरा, पण तेवढाच वेग त्यासाठी मोजावा लागतो. या दोन वाटा एकमेकींना बांधलेल्या असल्या की कोरड्या डांबरी वळणावर ही बांधीलकी डोळ्यांना दिसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, म्हणून त्यांना जास्त फिरायचे असते. ट्रान्सफर केसने दोन्ही शाफ्ट एकत्र जखडलेले असले तर तो फरक कुठे जिरत नाही. स्टिअरिंग जड होते, टायर घासतात आणि शाफ्टमध्ये ताण साठत जातो. चिखलात हीच चाके थोडी घसरून तो ताण सोडून देतात. म्हणून अशा गाडीत पक्क्या रस्त्यावर पुढचा जोर तोडून ठेवावा लागतो.

पण त्या पुढच्या तुळईत फोर-व्हील ड्राइव्ह कुठेच दडलेली नव्हती. तुळई भट्टीत वितळवल्याशिवाय तिच्यातून डिफरेन्शियल निघणार नव्हते. तिथे नैयायिक बरोबर ठरतात. शक्ती आधीची, वाट नवी, असा हा मिश्र प्रसंग आहे आणि कोणतेही एक दर्शन तो पूर्णपणे आपल्या खात्यात जमा करू शकत नाही.

ओळखीच्या प्रश्नावर मात्र न्याय-वैशेषिकांची भूमिका फार कडक आहे. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली संपूर्ण वस्तू, भागांहून वेगळी आणि खरी असते. वस्त्रातून एक धागा काढला तर जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे वस्त्र निर्माण होते. हा न्याय लावला तर ट्रक बदलण्यासाठी एक्सलपर्यंतही जायला नको, एक नटबोल्ट काढला तरी पुरे. सिद्धांत सुसंगत आहे, पण त्याची किंमत परवडणारी नाही. रोज सकाळी जी गाडी मालक सुरू करतो ती कालची नव्हे, असे मानून कर्ज, विमा, जबाबदारी यांचा हिशेब जुळत नाही.

मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या पाली संवादात उदाहरणच वाहनाचे आहे. राजा रथातून आला होता. नागसेन विचारतो, दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. सगळे भाग वगळून उरते ते रथ का? तेही नाही. रथ हे भागांच्या आधाराने दिलेले नाव आहे, तसेच ‘नागसेन’ हेही. महाराष्ट्राला ही दोन्ही नावे परकी नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत १९५० मध्ये काढलेले महाविद्यालय मिलिंदच्या नावाचे आहे आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो.

नागसेनाचे उत्तर ट्रकला सर्वांत जवळचे आहे. एक्सल, शाफ्ट, ट्रान्सफर केस अंगणात ढीग करून ठेवले तर त्याला फोर-व्हील ड्राइव्ह कोणी म्हणणार नाही. ते एकमेकांचा जोर घेऊ-देऊ लागले की म्हणेल. नॅपकोच्या पुढच्या एक्सलमध्ये जीएमच्याच मागच्या एक्सलचे भाग वापरलेले असत. तेच डिफरेन्शियल मागे बसले तर मागचे, पुढे बसले तर पुढचे. भागाचे नावसुद्धा त्याच्या जागेवरून आणि नात्यावरून पडते. पण नाव व्यवहाराचे आहे म्हणून ते मनमानी आहे असे होत नाही. नाव टिकवण्यामागे कारणे असतात आणि ती तपासता येतात.

कायद्याने असे एक कारण निवडले आहे: चासीवर ठोकलेला क्रमांक. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. अमेरिकेत अशा बदलांना अधिक मोकळीक आहे, पण ओळख क्रमांकालाच चिकटलेली असते. यातून एक अवघड प्रसंग उभा राहतो. काही ट्रकच्या बाबतीत एक्सल आणि ट्रान्सफर केस गोळा करत बसण्यापेक्षा तयार फोर-व्हील ड्राइव्ह चासी घेऊन तिच्यावर जुनी केबिन आणि हौदा चढवणे स्वस्त पडते. मालक म्हणतो, माझाच ट्रक. दरवाजा तोच, आसन तेच, काचेवरचा ओरखडाही तोच. कागद म्हणतो, दुसरा. इथे कागदाची बाजू उचित वाटते. अपघात, चोरी, विक्री या वेळी तिऱ्हाइतालाही पडताळता येईल अशी खूण लागते आणि आठवणी पडताळता येत नाहीत. मालकाचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही. त्याने ‘तोच’ हा शब्द वेगळ्या कामासाठी वापरलेला असतो.

नॅपकोचा संच याहून बारीक भेद दाखवतो. १९५७ पासून शेवरोले हाच संच कारखान्यातून बसवून देऊ लागली. त्याआधी तो विक्रेता किंवा गॅरेजवाला बसवी. नव्याकोऱ्या ट्रकवर बसवलेला असेल तर दोन्ही गाड्यांच्या भागांत आणि चालण्यात सांगण्यासारखा फरक नसतो. तरी एक ट्रक जन्मतः फोर-व्हील आहे आणि दुसरा नंतर झालेला. जुन्या गाड्या जपणारे लोक या फरकाला मोल देतात. तो फरक लोखंडात नाही, घडून गेलेल्या गोष्टीत आहे, म्हणून तो कमी खरा ठरत नाही. शिवाय हा संच बोल्टने बसवलेला असल्याने सोडवून दुसऱ्या ट्रकवर चढवता येतो. तसे केले की पहिला ट्रक पुन्हा टू-व्हील होतो, जुनी तुळई जागेवर येते, मागे पुन्हा लांब शाफ्ट लागतो. फक्त चासीच्या पट्टीवर ट्रान्सफर केसच्या बोल्टसाठी पाडलेली भोके राहतात.