चकाकलेली उजवी बाजू

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रीकडे जुनी बुलेट 350 आली. आजोबांची गाडी, नातवाला पुन्हा रस्त्यावर आणायची होती. इंजिन पुरतं उघडलं, क्रँककेसच्या दोन बाजू सुट्या केल्या. मिस्त्रीनं डावी थोरल्या शागिर्दाला दिली, उजवी धाकट्याला. "धुऊन आणा. घाई नाही."

थोरल्यानं आपली केस रॉकेलात भिजत घातली. जुनं गॅस्केट चिकटून दगड झालेलं. ते त्यानं लाकडी पट्टीनं सोडवलं, कारण पोलादी पटाशीचा एक ओरखडा मऊ ॲल्युमिनियमवर उठला की तिथून तेल झिरपत राहतं. मग नायलॉनचा ब्रश, कोपरे, स्क्रूंची भोकं, तेलाच्या वाटा. संध्याकाळपर्यंत केस साफ झाली, पण रंग करडाच राहिला.

धाकट्याला एवढा धीर कुठला! केस कॉस्टिक सोड्यात बुडवायला निघाला होता. थोरल्यानं हात धरला. "अरे, सोडा ॲल्युमिनियम खातो." तेव्हा तो गेला वाळूचा मारा करणाऱ्या शेडमध्ये. फौंड्रीच्या गावात ती शोधत फिरावं लागत नाही. थोड्याच वेळात केस चांदीसारखी लखलखत परत आली. निदान तेलाची भोकं बुचांनी बंद करायची. पण घाईला बुचं सुचत नाहीत.

गाडीमालक आला, त्यानं फोटो काढले ते उजव्या बाजूचेच. "मिस्त्री, डावीही अशीच करा."

मिस्त्री काही बोलला नाही. त्यानं जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, चकाकती केस त्यावर धरली आणि तेलाच्या भोकात कॉम्प्रेसरची हवा मारली. कागदावर वाळू सांडली. केस उलटवून पुन्हा मारली. पुन्हा वाळू.

"चिमूटभर तर आहे," मालक म्हणाला.

"साहेब, या इंजिनाचं तेल केसच्याच पोटात साठतं. पंप ते ओढतो आणि क्रँकमधून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. ही चिमूटही त्याच वाटेनं जाणार. बघणाऱ्यासाठी साफ केलेलं इंजिन आतून मरतं. आतून साफ असलं, तर मळकं दिसूनही चालतं. डावी चमकवायची तर चमकवतो. पण वाळू काढायची मजुरी वेगळी, आणि ती किती होईल ते आज सांगता येणार नाही."

मालकानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा करड्या केसकडे. "राहू द्या."

उजवीतली वाळू काढण्याचं काम अर्थातच धाकट्याकडे आलं. साबणाचं गरम पाणी, बारीक ब्रश, हवा, पुन्हा पाणी. थोरल्यानं तेवढ्या वेळात गिअरबॉक्सही धुऊन ठेवला. कागद कोरा राहिला तेव्हाच मिस्त्रीनं केस हातात घेतली.

दोन्ही बाजू जुळल्या. एक झगझगीत, एक मळकी. धाकटा थोडा वेळ बघत राहिला.

"मामा, विजोड दिसतंय. उजवीला जरा काळी करू का?"

"कशाला? पन्हाळ्याला दोन फेऱ्या झाल्या की तीच जुळवून घेईल. तू आधी तेल भर."