विंडोज अकरा आणि गेमरचा स्वधर्म

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आला. मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे त्या दिवशी वखर-डवरे, मोटारसायकल, शिलाई मशीन यांच्या पंगतीत आता घरातला कॉम्प्युटरही बसतो. डब्यावर हळदकुंकू लागतं, मॉनिटरच्या कोपऱ्याला झेंडूचं फूल अडकतं. बाराच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. ज्याची नुकतीच पूजा झाली ते यंत्र कंपनीच्या वहीत कालबाह्य ठरलं.

खरं तर त्या दिवशी बंद काहीच पडलं नाही. कॉम्प्युटर सुरू झाले, गेम उघडले. थांबल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, आणि त्याही हव्या असतील तर वर्षभर मिळण्याची सोय होती: तीस डॉलर भरा, किंवा कंपनीचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा आपल्या सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या खात्यात ठेवा. ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची. पुढचं उत्तर कंपनीकडे तयारच आहे, विंडोज ११.

आता नागपूरहून, बहुधा सीताबर्डीतून, पाच-सात वर्षांपूर्वी जुळवून आणलेला एखादा असेंबल्ड पीसी डोळ्यांपुढे आणावा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय. त्यावर जीटीए फाइव्ह आजही बरा चालतो. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘चालून राहिलं ना भाऊ, मंग काहून बदलाचं?’ वरवर पाहता हा आळस. पण त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. एखादी गोष्ट संपली, हे ठरवायचं कोणी? ती बनवणाऱ्याने, वापरणाऱ्याने, की त्या गोष्टीने स्वतः?

वरची व्यवस्था परस्पर बदलण्याचा अनुभव या भागाला नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि मराठी बोलणारं सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. २०२३ मध्ये ते छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आलं. तारीख होती ५ ऑक्टोबर. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२१ मध्ये, विंडोज ११ बाजारात आलं तेही ५ ऑक्टोबरलाच. योगायोग म्हणून सोडून द्यावा, पण जिल्हा बदलला तेव्हा घर जागेवरच होतं आणि पत्ता तेवढा बदलला.

रेल्वेचं उदाहरण मात्र योगायोगापलीकडचं आहे. नागपूर-छिंदवाडा ही छोटी गाडी लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत सुमारे शतकभर धावली. तिचा रूळ ७६२ मिलिमीटरचा, ब्रॉडगेजचा १६७६. २०१५ च्या अखेरीस नॅरोगेज थांबली आणि रूळ उखडायला लागले. ब्रॉडगेज आली, वेग आला, मालगाड्या आल्या. वाईट म्हणण्यासारखं त्यात काही नाही. पण जुनं इंजिन कितीही धडधाकट असो, नव्या रुळावर ते उभंसुद्धा राहू शकत नाही. नागपूरच्या मोतीबागेत २००२ मध्ये नॅरोगेजचं संग्रहालय उघडलं म्हणून ती इंजिनं निदान बघायला तरी मिळतात. गेमरच्या वाट्याला आलेला पेच अगदी हाच आहे: नवा रूळ चांगला आहे, पण आपला डबा त्यावर बसत नाही.

अशा वेळी कोणीतरी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला दाखला काढतोच, फाटकी वस्त्रं टाकून नवी घालण्याचा. ऑपरेटिंग सिस्टिम हे वस्त्र, बदलून टाका, एवढं काय! दाखला इथे बसत नाही. तिथे वस्त्र विटलेलं आहे. इथे कापड शाबूत आहे आणि शिंप्याने ठिगळ लावायला नकार दिला आहे. शिवाय विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा हार्डवेअर भाग लागतो, सिक्युअर बूटची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे नव्या वस्त्रासाठी देहच बदलायचा. कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज मांडला होता की या बदलापायी जगभरातले सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. असंग्रह हे गांधींच्या आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी एक व्रत मानणाऱ्या परंपरेला या आकड्याकडे डोळेझाक करता येणार नाही.

त्याच परंपरेतले विनोबा या प्रश्नाला जास्त उपयोगी पडतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांतली स्वधर्माची मांडणी अशी की तो शोधत हिंडावं लागत नाही. माणूस जिथे उभा आहे तिथे तो आपसूक वाट्याला येतो. हा निकष कॉम्प्युटरला लावला की ‘अपग्रेड करावं का’ या प्रश्नाचं सगळ्यांना मिळून एकच उत्तर निघत नाही. ते यंत्र कुठे उभं आहे, कोणाशी जोडलेलं आहे, यावर ते ठरतं.

जोडलेलं असणं म्हणजे काय, ते महाराष्ट्राने २७ जून २०१७ ला पाहिलं. नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने मर्स्क कंपनीची जगभरची यंत्रणा लोळवली आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. हल्ला पसरवायला विंडोजमधली जी फट वापरली गेली, तिच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. नॉटपेट्याच्या दीड महिना आधी वॉनाक्राय या हल्ल्यानेही तीच फट वापरली होती. दुरुस्ती न घेतलेलं प्रत्येक यंत्र शेजाऱ्याच्या घरात शिरायचा रस्ता झालं. आपलं नुकसान झालं तर आपण बघून घेऊ, हा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण नुकसान आपल्यापुरतं राहत नाही. रोज रात्री अनोळखी माणसांशी ऑनलाइन खेळणारा, त्याच कॉम्प्युटरवरून यूपीआय आणि बँक वापरणारा, भावाच्या पेन ड्राइव्हमध्ये फाइली भरून देणारा गेमर उघड्या फटीसह बसून राहिला, तर तो दुसऱ्याच्या जिवावर जुनेपणा जपतो आहे. त्याने अकरावर जावं, किंवा वर्षाची मुदत घ्यावी, किंवा लिनक्स टाकावं. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणल्यापासून तिच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातले कितीतरी गेम लिनक्सवर चालतात. व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम मात्र चालत नाही.

पण याच नॉटपेट्याची दुसरी बाजू अपग्रेडच्या कट्टर भक्तांनीही ऐकावी. हा हल्ला सुरू झाला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ज्यांनी इमानदारीने अपडेट घेतलं त्यांच्याच घरात तो आधी शिरला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर आणून ठेवली, तेव्हा तर कोणी हल्लाही केला नव्हता. म्हणजे ‘नवीन ते सुरक्षित’ ही श्रद्धाच आहे. साधार असेल, पण श्रद्धाच. आणि श्रद्धा कोणावर ठेवतो आहोत हे विचारायचा हक्क गेमरला आहे. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा चीट पकडणारा पहारेकरी कॉम्प्युटर सुरू होताक्षणी, सिस्टिमच्या गाभ्यातच जाऊन बसतो. विंडोज ११ वर तो टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतो, नाहीतर गेमच उघडू देत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या बॅटलफिल्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतं. एका गोळीबाराच्या खेळासाठी गाभाऱ्याची किल्ली द्यायची का, याचं उत्तर पंधरा वर्षांचं पोरगं ‘अॅग्री’ दाबून देतं.

खेळाच्या दृष्टीने अकरामध्ये काय मिळतं, ते थोडक्यात. बाराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरमधले मोठे-छोटे कोअर ते नीट वापरतं. एचडीआर पडदा असेल तर जुन्या गेमचेही रंग खुलतात. उलट, त्याचं मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षाकवच काही गेमांचा वेग कमी करतं. वेग हवा असेल तर ते बंद करता येईल, असं मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये गेमरना सांगितलं. ज्या सुरक्षेच्या नावाने जुनी यंत्रं दारातून परत पाठवली, तिच्यातलाच एक भाग बंद करायची वाट कंपनी दाखवते, हे विनोदी आहे. २०२४ ची २४एच२ ही आवृत्ती आल्यावर युबिसॉफ्टचे असॅसिन्स क्रीड व्हलहॅलासारखे गेम अडकले आणि ते असलेल्या यंत्रांना मायक्रोसॉफ्टने अपग्रेड देणंच काही काळ थांबवलं. जुन्याला चिकटून राहण्याचाही कायमचा आसरा नाही. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ ला आधार देणं सोडलं. विकत घेतलेले गेम खात्यात राहिले, ते उघडणाऱ्या दाराचा भरवसा गेला.

सगळ्यात अवघड नैतिक गुंता जुन्या गेमांचा आहे. साधारण २००० ते २००८ च्या काळात सीडीवर आलेल्या कितीतरी गेमांना सेफडिस्क नावाचं कुलूप असे. ते सिस्टिममध्ये इतकं खोल शिरायचं की धोक्याचं ठरलं, आणि २०१५ मध्ये विंडोज १० ने ते चालवायचंच नाकारलं. परिणाम काय झाला? ज्याने पैसे मोजून खरी डिस्क घेतली, त्याचा गेम मेला. ज्याने दोस्ताकडून क्रॅक केलेली कॉपी उतरवून घेतली, त्याचा चालत राहिला, कारण कुलूप आधीच तोडलेलं होतं. कर्म तसं फळ, या हिशेबात हे बसवून दाखवणाऱ्याला मानलं पाहिजे. जीओजीसारख्या दुकानांनी २००८ पासून जुने गेम कुलूप काढून रीतसर विकायला घेतले, ही त्यातल्या त्यात न्यायाची वाट.

अशा गेमांसाठी ठेवलेला, इंटरनेटची वायर काढलेला विंडोज ७ किंवा एक्सपीचा जुना डबा कोणाचंच वाईट करत नाही. त्याला अपग्रेड करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो कोणाशी जोडलेला नाही, म्हणून त्याच्यावर कोणाचं ऋणही नाही.

उरतो तो ओळखीचा प्रश्न. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला भेटतो आणि रथाची चर्चा होते: चाक रथ आहे का, आस रथ आहे का, दांडी रथ आहे का? या राजाचं नाव बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला आहे, त्यामुळे मराठी वाचकाला तो परका नाही. रॅम बदलली, ग्राफिक कार्ड बदललं, हार्डडिस्क जाऊन एसएसडी आली, तर कॉम्प्युटर तोच का? मायक्रोसॉफ्टचं व्यवहारी उत्तर आहे: मदरबोर्डपर्यंत तोच. विंडोजचं डिजिटल लायसन्स हार्डवेअरशी बांधलेलं असतं. मदरबोर्ड बदलला की यंत्र नवं समजलं जाऊन अॅक्टिव्हेशन जाऊ शकतं. नागसेन इतक्या सहज पटला नसता. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहिल्या आणि शेवटच्या प्रहरी तीच असते का, या प्रश्नावर त्याचं म्हणणं होतं की तीच नव्हे आणि वेगळीही नव्हे.

गेमरच्या बाबतीत ती ज्योत म्हणजे सेव्ह फाइल, आणि नेमकी तीच विझते. विंडोज मारून देणारा विचारतो, ‘सी ड्राइव्हमध्ये काही हाये का?’ सगळे सांगतात, नाही, गेम डी मध्ये आहेत. सी साफ होतो, नवी आवृत्ती पडते, डी मधला व्हाइस सिटी उघडतो आणि त्यातला नायक टॉमी व्हर्सेटी पहिल्या दिवसासारखा वकिलाच्या ऑफिसबाहेर उभा असतो. मालमत्ता, गाड्या, साठ-सत्तर टक्के पुरा झालेला खेळ, सगळं सी ड्राइव्हच्या डॉक्युमेंट्समध्ये ‘जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये होतं. विंडोज १० ठेवायचं की ११ घ्यायचं, हा वाद ऑक्टोबर २०२६ पर्यंत घालता येईल. ते फोल्डर पेन ड्राइव्हवर आजच उतरवून घ्यावं लागतं.