वर्दीचा अध्यास

चार्ली चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर' १९४० मध्ये पडद्यावर आला, तेव्हा युरोपात युद्ध पेटून वर्ष उलटले होते. टोमेनियाचा हुकूमशहा हिंकेल आणि तिथल्या ज्यू वस्तीतला न्हावी, या दोन्ही भूमिका चॅप्लिननेच केल्या. छळछावणीतून वर्दी चढवून निसटलेल्या न्हाव्याला सैनिक हिंकेल समजतात. बदकांच्या शिकारीला वर्दीशिवाय गेलेल्या हिंकेलला त्याचेच शिपाई न्हावी समजून धरतात. कथा मिटवण्याची ही सोय आहे, असे सहज वाटेल. पण चेहरा तर पहिल्यापासून एकच आहे. हाच चेहरा घेऊन वस्तीत वावरणाऱ्या न्हाव्यावर शिपाई हात टाकतात, तेव्हा कुणाचाही हात थबकत नाही. चेहऱ्याने न्हाव्याला तारले नाही, आणि वर्दी उतरल्यावर हिंकेललाही तारले नाही. मग सत्ता राहते तरी कुठे?

माझे उत्तर असे, की ती पाहणाऱ्याच्या नजरेत राहते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरचे भाष्य अध्यासाच्या विचाराने सुरू केले. जे जिथे नाही ते तिथे पाहणे, म्हणजे अध्यास. वेदान्तात त्याचा नेहमीचा दाखला दोरीवर भासणाऱ्या सापाचा. सत्तेचा भ्रम मात्र याहून घातक आहे. दोरीला साप समजल्याने दोरीत विष उतरत नाही. न्हाव्याला हुकूमशहा समजल्याने मात्र त्याच्या शब्दावर खरेखुरे सैन्य हलू शकते. इथे भ्रमच वस्तू घडवतो. आणि खरा हिंकेल तरी वेगळ्या कशावर उभा असतो? त्याच्या अंगातही कोट्यवधींना वाकवणारे बळ नाही. ते वाकणाऱ्यांनीच त्याला दिलेले असते.

यावर आक्षेप येईल, की लोक भ्रमाने नव्हे, बंदुकीच्या भीतीने वाकतात. सिनेमातली अदलाबदल प्रत्यक्षात टिकणार नाही. दुर्दैवाने ती टिकली आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये विली हेरोल्ड या १९ वर्षांच्या, तुकडीपासून तुटलेल्या जर्मन सैनिकाला एका बेवारस गाडीत हवाई दलातल्या कॅप्टनची वर्दी सापडली. ती घालताच वाटेत भटके सैनिक त्याच्या मागे येऊ लागले. एम्सलँडमधल्या एका छावणीत त्याच्या हुकमावरून शंभराहून अधिक कैदी मारले गेले. रॉबर्ट श्वेंटकेने २०१७ मध्ये 'डेर हाउप्टमान' हा चित्रपट याच घटनेवर केला. हेरोल्डमागे पहिला सैनिक चालू लागला, तेव्हा त्या कोटामागे फौज नव्हती. बंदुका जमल्या त्या मागे येणाऱ्यांच्या. मात्र आक्षेपातला एक अंश मान्य करायलाच हवा. छावणीतल्या कैद्याने त्याचे सोंग ओळखले असते, तरी गोळी चुकली नसती. दोरीचे ज्ञान एकाला झाले की त्याचे भय सरते. सत्तेचा भ्रम एकट्याच्या ज्ञानाने फिटत नाही. म्हणूनच पहिल्यांदा मागे चालू लागणाऱ्याची जबाबदारी मोठी. १९४६ मध्ये हेरोल्डबरोबर त्याच्या काही साथीदारांनाही शिक्षा झाली, ती मला न्याय्य वाटते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चित्रपटाच्या शेवटी न्हावी त्या गैरसमजाचा उपयोग हिंकेलच्या व्यासपीठावरून, भाषणात माणुसकीची हाक देण्यासाठी करतो. मग भ्रम चांगल्या कामी आला, तर बिघडले कुठे? ते भाषण मनापासूनचे आहे, आणि मला ते प्रिय आहे. पण त्यावर जयघोष करणारी गर्दी हिंकेलला ऐकायला जमलेली आहे. त्याआधी काही क्षणच हिंकेलचा मंत्री गार्बिच स्वातंत्र्य मोडीत काढणारे भाषण त्याच व्यासपीठावरून करून गेला आहे. क्रूरांच्या हाती स्वतःला सोपवू नका, असे न्हावी सैनिकांना सांगतो. पण हुकूम म्हणून ते ऐकणाऱ्याने स्वतःला पुन्हा वर्दीच्याच हाती दिलेले असते. तो जयघोष पटल्याचा आहे की सवयीचा, हे वर्दी अंगावर असेतो कळणार नाही. त्या दृश्यात भ्रमाबाहेर एकटी हॅना आहे, न्हाव्याची वस्तीतली प्रेयसी. दूर ऑस्टरलिच देशात, शिपायांचा मार खाऊन ती जमिनीवर पडली आहे, आणि रेडिओवरून तिला तिचे नाव ऐकू येते. रेडिओला वर्दी दिसत नाही. ती आवाज ओळखते आणि मान वर करते.